गावचे भोंगे, भजनाचा मिक्सर आणि नळयोजनेची मोटर: कम्प्युटरवरून रिलेने जोडणी

पूर्णाकाठ (धागा सुरू)

नमस्कार मंडळी. पंचायतीच्या खोलीत १०० व्होल्ट लाइनचा (लांब वायरीसाठी व्होल्ट वाढवून आवाज पाठवणारा) २५० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. लाइट गेली की तो १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. गावात सहा भोंगे आहेत: गावठाणात तीन, शाळेकडे दोन, नदीकडच्या वस्तीत एक. प्रत्येकाला ३० वॉटचा लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर (ते व्होल्ट भोंग्याजोगे उतरवणारा) लावलेला आहे.

आवाज चार ठिकाणांहून येतो. हातातला माइक, मंदिरातला भजनी मंडळाचा मिक्सर (संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना), मोबाइल, आणि कम्प्युटरवर रेकॉर्ड केलेल्या सूचना. सध्या जॅक काढा-घाला करून काम चालते. शिवाय नळयोजनेची ५ एचपी थ्री फेज मोटर ७०० मीटरवर विहिरीवर आहे, तीही इथूनच चालू-बंद करायची आहे.

हाताशी आठ चॅनेलचा निळ्या रिलेचा (करंट दिला की ओढला जाणाऱ्या स्विचचा) बोर्ड, आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम चढवायचा छोटा बोर्ड) आणि लिनक्सचा एक जुना कम्प्युटर आहे. हाच बोर्ड सगळ्याला पुरेल का? जोडणी कशी करावी?

तांब्याची_तार

बोर्डाकडे नंतर येऊ. आधी कागद घ्या आणि प्रत्येक रिलेपुढे एकच गोष्ट लिहा: कॉइलला (रिले ओढणाऱ्या आतल्या वेटोळ्याला) करंट नसताना हा रिले कुठे जोडलेला असावा? लाइट जाईल, कम्प्युटर अडकेल, यूएसबीची वायर उंदीर कुरतडेल. तेव्हा गाव ज्या अवस्थेत असावं असं वाटतं, ती अवस्था एनसी काँटॅक्टवर (करंट नसताना जोडलेला) बांधायची. प्रोग्रामवर सोपवायची नाही.

तुमच्या बाबतीत:

माइक कधीही बंद पडता कामा नये. पूर्णेला पाणी चढलं आणि कम्प्युटर बंद असला, तरी माइकवरून नदीकडच्या वस्तीला ऐकू गेलंच पाहिजे. म्हणजे माइकच्या वाटेत रिले नको, आणि तिन्ही भागांचे भोंगे एनसीवर. रिले ओढला तर तो भाग बंद होईल, सोडला तर चालू.

मोटरचं उलट. करंट गेला की मोटर थांबलीच पाहिजे, म्हणून तिथे एनओ (करंट असतानाच जोडला जाणारा काँटॅक्ट). शिवाय लाइन परत आली म्हणून मोटर आपोआप सुरू होता कामा नये.

हे ठरलं की अर्धं काम झालं. अनेक जण आठ रिले सरळ एनओवर बांधतात आणि मग लाइट गेल्यावर बॅटरीवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायरसुद्धा मुका होतो.

खटका

बोर्डाबद्दल मी सांगतो. निळा चौकोनी रिले म्हणजे बहुधा एसआरडी-०५व्हीडीसी-एसएल-सी. काँटॅक्ट १० अँपिअर, कॉइल ५ व्होल्ट, सुमारे ७० ओहम, म्हणजे एक रिले ७१ मिलिअँपिअर घेतो. आठ एकदम लागले तर ५७० होतात. यूएसबी पोर्ट ५०० चा. म्हणजे नॅनोच्या ५ व्होल्ट पिनेवरून हा बोर्ड चालवायचाच नाही.

पण खरी अडचण वेगळी आहे. हा रिले ऑडिओ सिग्नलसाठी नाही. चांदीच्या मिश्रधातूच्या काँटॅक्टवर काळसर थर बसतो. मोठा करंट तोडताना-जोडताना बारीक ठिणगी पडते आणि तो थर जळून जातो, म्हणून पॉवरच्या कामात तो रिले वर्षानुवर्षे चालतो. ऑडिओत ना तेवढा व्होल्ट ना तेवढा करंट. थर तसाच राहतो. पहिले दोन-तीन महिने आवाज स्वच्छ, मग खरखर, मग कधी बारीक फाटका आवाज, कधी काहीच नाही.

ओळखायची खूण: स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने रिलेवर टिचकी मारली की आवाज परत येतो. मीटरने ओहम पाहिले तर काँटॅक्ट चांगला दिसेल, कारण मीटर स्वतःच दोन-तीन व्होल्ट लावून तो थर फोडतं. मीटर चांगलं सांगतंय म्हणून अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसू नका.

ऑडिओसाठी सोन्याचा मुलामा असलेले सिग्नल रिले घ्या: ऑमरॉन जी५व्ही-२, जी६के, किंवा पॅनासॉनिक टीक्यू२. सगळे दोन पोलचे, म्हणजे एका कॉइलवर दोन स्विच. यांची डेटाशीटमधली खालची मर्यादा १० मिलिव्होल्ट, १० मायक्रोअँपिअर इतकी लहान असते. एक पथ्य मात्र पाळा: या रिलेमधून एकदा जरी बल्ब किंवा कॉन्टॅक्टरची (मोटरसारख्या मोठ्या लोडच्या रिलेची) कॉइल चालवली, तरी मुलामा उडतो. तो रिले परत ऑडिओत लावू नका.

तुमचा निळा बोर्ड वाया जात नाही. भोंग्यांच्या १०० व्होल्ट लाइनसाठी तो योग्य आहे. १८० वॉटला १०० व्होल्टवर १.८ अँपिअर, तेही तिन्ही भाग मिळून.

शेतशिवार_इलेक्ट्रिक

पेटी कुठे ठेवणार तेही पाहा. गोबरगॅसजवळ किंवा गंधकाची पोती ठेवलेल्या खोलीत चांदीचे काँटॅक्ट लवकर काळे पडतात. पंचायतीच्या गोदामात फवारणीचं सामान असेल तर पेटी तिथे नकोच.

तांब्याची_तार

आता ऑडिओची जोडणी. चार स्रोतांना चार रिले लावू नका. प्रोग्राम चुकला की दोन रिले एकदम लागतात आणि मोबाइलचं आउटपुट मिक्सरच्या आउटपुटला भिडतं. त्याऐवजी चेंजओव्हर रिलेंची (कॉमन टोक एकतर एनसीला, नाहीतर एनओला जोडणाऱ्या) साखळी करा. तिच्यात दोन स्रोत एकत्र येणं वायरिंगनेच अशक्य होतं.

माइक अ‍ॅम्प्लिफायरच्या माइक सॉकेटमध्येच राहू द्या. माइकचा सिग्नल दोन-चार मिलिव्होल्टचा, मोबाइल-मिक्सरचा त्याच्या शेकडो पट. दोन्ही एका रिलेतून नेले तर लेव्हल जुळत नाही आणि शेजारच्या काँटॅक्टमधून गाणं माइकमध्ये झिरपतं. उरले तीन स्रोत, ते ऑक्स (मोठ्या सिग्नलच्या) सॉकेटवर:

आर१: कॉमन अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्सला. एनसी ऑक्सच्याच ग्राउंडला. एनओ पुढे आर२ च्या कॉमनला.
आर२: एनसी भजनाच्या मिक्सरला. एनओ आर३ च्या कॉमनला.
आर३: एनसी मोबाइलला. एनओ कम्प्युटरला.

म्हणजे काहीच लागलेलं नाही तेव्हा ऑक्स ग्राउंडला टेकलेला, फक्त माइक चालू. भजनाला आर१. मोबाइलला आर१ आणि आर२. कम्प्युटरला तिन्ही.

दुसरा पोल रिकामा ठेवू नका. आर२ आणि आर३ मध्ये स्रोताची शिल्डसुद्धा (वायरीवरची ग्राउंडची जाळी) दुसऱ्या पोलवरून तोडा. नाहीतर बंद असलेल्या कम्प्युटरचा चार्जर ग्राउंडमधून हम्म देत राहतो. आर१ ची शिल्ड मात्र सरळ जोडलेली राहू द्या.

आर१ हाच म्यूट रिलेही होतो. स्रोत बदलायचा क्रम: आर१ सोडा, २० मिलिसेकंद थांबा, आर२-आर३ बदला, ५० मिलिसेकंद थांबा, मग आर१ लावा. काँटॅक्ट उडण्याचा आवाज त्या वेळात संपून जातो. हा क्रम नसेल तर प्रत्येक बदलाला सहा भोंग्यांतून फटाक्यासारखा 'टक' आवाज येईल.

तरी टक आला तर कारण डीसी आहे. मोबाइल-मिक्सरच्या आउटपुटला कपॅसिटर असतो, आणि लोंबकळत्या टोकावर तो हळूहळू चार्ज होतो. प्रत्येक स्रोताच्या गरम (सिग्नलच्या) वायरीपासून शिल्डला रिलेच्या आधी १०० किलोओहमचा रेझिस्टर लावा, म्हणजे चार्ज साचणार नाही. पाच रुपयांचंही काम नाही, पण बहुतेक टक यानेच जातात.

भजनी_साउंड

भाऊ, मोबाइलचा आवाज स्टेरिओ असते. डावी न् उजवी वायर एकत्र पिळून मोनो करू नोका, दोन्ही आउटपुट एकमेकाशी भांडतेत. दोन्हीत एक-एक किलोओहमचा रेझिस्टर टाका न् मंग एकत्र करा. कम्प्युटरचंही तसंच.

दुसरं, मंदिर ते पंचायत किती लांब हाय? ३०-४० मीटर असन तं साध्या शिल्डेड वायरीत हम्म येईनच, त्यातही मंदिराची लाइट दुसऱ्या फेजवर असन तं पाहूच नोका. मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटपुटातून (सिग्नल दोन वायरीत उलट-सुलट जाते) दोन वायरी न् शिल्ड न्या, न् पंचायतीच्या टोकाले एकास-एक ६०० ओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लावा. शिल्ड फक्त मिक्सरच्याच बाजूले जोडा, पंचायतीकडं मोकळी सोडा. रिले ट्रान्सफॉर्मरच्या नंतर, ऑक्सच्या बाजूले.

खटका

कॉइलचा व्होल्ट ५ घेऊ नका, १२ घ्या. कारण आकड्यांत सांगतो.

नॅनोवरून रिले चालवायला यूएलएन २८०३ ही आयसी सोयीची. आठ चॅनेल, आत डायोड असतो, फक्त पिन १० कॉइलच्या प्लसला जोडायला विसरू नका. पण ती आयसी स्वतः सुमारे ०.९ व्होल्ट खाते. ५ मधून ४.१ उरले. रिले लागायला कॉइलच्या व्होल्टच्या ७५% लागतात, म्हणजे ३.७५. थंड खोलीत चालेल. पण मे महिन्यात पत्र्याखाली बंद पेटीत ५५ अंश सहज होतात. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९% वाढतो, २३ वरून ५५ म्हणजे ३२ अंशांना साडेबारा टक्के. मग तोच रिले ४.२ व्होल्टला लागतो आणि तुमच्याकडे ४.१ आहेत. सकाळी चालणारी पेटी दुपारी दोनला अडते, आणि सगळे प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात.

१२ व्होल्टवर हेच गणित: ९ चे १०.१ झाले, हातात ११.१ आहेत. एक व्होल्ट शिल्लक. ५ व्होल्टच हवे असतील तर यूएलएनऐवजी टीबीडी ६२०८३ घ्या. ती आतून मॉसफेटची आहे, व्होल्ट फार कमी खाते.

पूर्णाकाठ

समजलं. पण माझा निळा बोर्ड ५ व्होल्टचा आहे, आणि त्याचे रिले पिन लो (शून्य व्होल्ट) केल्यावर लागतात. तो भोंग्यांसाठी ठेवला तर चालेल ना? आणि १२ व्होल्ट अ‍ॅम्प्लिफायरच्या बॅटरीवरूनच घेऊ का?

खटका

बोर्ड चालेल. त्यावर यूएलएन नाही, ट्रान्झिस्टर आहे, तो फार तर ०.२ व्होल्ट खातो. दोन गोष्टी करा.

एक, त्यावर जेडी-व्हीसीसी असा जंपर असतो. तो काढा आणि तिथे वेगळे ५ व्होल्ट द्या. जंपर लावून ठेवला तर ऑप्टोकपलर (प्रकाशाने निरोप देऊन दोन सर्किट वेगळी ठेवणारा भाग) नावालाच उरतो, दोन्ही बाजूंचा सप्लाय एकच होतो.

दोन, स्केचमध्ये (नॅनोच्या प्रोग्राममध्ये) पिन आउटपुट करण्याच्या आधी तिला हाय लिहा. उलट क्रमाने लिहिलं तर नॅनो सुरू होताना सगळे रिले क्षणभर लागतात. तुमच्याकडे तेवढ्या क्षणाला तिन्ही भाग बंद होतील, नुकसान नाही. पण पुढे कोणी याच बोर्डावर दुसरं काही जोडलं तर होईल.

बॅटरीवरून घ्या, पण सरळ नको. चार्जिंगला ती १४.४ पर्यंत जाते. १२ च्या कॉइलवर तापलेल्या पेटीत सतत १४.४ चांगले नाहीत. ७८१२ (१२ व्होल्टची रेग्युलेटर आयसी) लावाल तर उलट अडचण: तिला दोन व्होल्ट जास्त लागतात, बॅटरी १२.२ वर आली की बाहेर १०.२ च. चढ-उतार दोन्ही करणारा कन्व्हर्टर घ्या, १ अँपिअर पुरे. ऑडिओचे तीन रिले १२६ मिलिअँपिअर घेतील, बाकी नॅनो आणि ५ व्होल्टच्या छोट्या कन्व्हर्टरसाठी.

भजनी_साउंड

भोंग्याचं पण सांगून ठेवतो. रिले १०० व्होल्टच्या वायरीतच टाका, १६ ओहमच्या टॅपवर (आउटपुटच्या टोकावर) नोका. १०० व्होल्टवर एक भाग तोडला तं बाकीच्यायचा आवाज तेवढाच राह्यते. १६ ओहमवर तोडला का लोड बदलला.

वायरीतही फरक हाय. ३०० मीटर दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, जाऊन-येऊन ६०० मीटर, सात ओहमच्या वर भरते. १६ ओहमचा भोंगा सरळ जोडला तं तिसरा हिस्सा वायरीतच जळते. १०० व्होल्टवर ६० वॉटले साडेचार व्होल्ट पडतेत, कानाले समजत नाही.

सहा भोंगे १८० वॉट झाले, अ‍ॅम्प्लिफायर २५० चा. आणखी एक भोंगा घेऊ नोका आता. ८०% च्या वर गेलं का उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मर तापते.

शेतशिवार_इलेक्ट्रिक

मोटरकडे या. निळा रिले स्टार्टरच्या बटणाला सरळ जोडू नका. डीओएल (मोटर सरळ लाइनवर घेणाऱ्या) स्टार्टरची नो-व्होल्ट कॉइल (लाइट गेली की सुटणारी) बहुतेक ठिकाणी दोन फेजमध्ये असते, म्हणजे ४१५ व्होल्ट. निळ्या रिलेवर स्पष्ट लिहिलं आहे: २५० व्होल्ट एसी. पहिल्या दिवशी चालेल, पण काँटॅक्ट तुटताना ठिणगी लांबते, एक दिवस चिकटतो आणि मोटर बंदच होत नाही.

दोन मार्ग. स्टार्टरची कॉइल २३० व्होल्टची बदलून घ्या आणि फेज-न्यूट्रलवर चालवा, न्यूट्रल पक्की असेल तरच. नाहीतर मध्ये ४१५ व्होल्टचे काँटॅक्ट असलेला छोटा कॉन्टॅक्टर टाका, ज्याची कॉइल २४ व्होल्ट डीसी असेल, आणि निळा रिले त्या २४ वर खेळू द्या. दुसरा मार्ग मला जास्त पटतो, कारण कंट्रोलच्या बोर्डावर मेन लाइन येतच नाही.

असे दोन कॉन्टॅक्टर वापरा. पहिला 'परवानगी'चा: लाल बटणाच्या ओळीत, सिरीजमध्ये. हा लागलेला असेल तोवरच मोटर चालू राहू शकते. हिरव्या बटणाला समांतर दुसरा, दीड सेकंदाचा ठोका द्यायला. ओव्हरलोड रिले, सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर थांबवणारा) आणि विहिरीतली पाण्याची पातळी सांगणारा फ्लोट स्विच हे सगळं स्टार्टरच्या ओळीतच वायरने राहील. कम्प्युटरने कितीही सांगितलं तरी कोरड्या विहिरीत मोटर सुरू होता कामा नये.

बाहेर 'ऑटो / हात' असा सिलेक्टर स्विच लावा. हातावर टाकलं की परवानगीचा कॉन्टॅक्टर बाजूला पडतो आणि ऑपरेटर जुन्या पद्धतीने मोटर चालवू शकतो. गावाचं पाणी एका नॅनोवर अडून राहायला नको.

आरसी स्नबर (ठिणगी दाबायला काँटॅक्टवर लावलेला रेझिस्टर-कपॅसिटर) लावणार असाल तर हेही पाहा: ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून २३० व्होल्टला ७ मिलिअँपिअर सतत गळतात. काँटॅक्ट उघडा असला तरी वायरीला हात लावून कोणी झटका खाईल, किंवा एलईडीचा दिवा मिणमिणत राहील. एक्स२ जातीचाच (मेन लाइनला चालणारा) कपॅसिटर घ्या. मोटरवर काम करताना रिले बंद आहे म्हणून विश्वास ठेवू नका, मेन स्विच पाडा आणि फ्यूज काढून खिशात ठेवा.

पूर्णाकाठ

विहीर ७०० मीटर. आरएस-४८५ ची (लांबवर डेटा नेणारी) वायर १२०० मीटर चालते असं वाचलं. ओढू का?

तांब्याची_तार

वायर म्हणून चालते. पिळाची जोडी, दोन्ही टोकांना १२० ओहम, ९६०० चा वेग, काही अडचण नाही. पण मोकळ्या शिवारातून ७०० मीटर तांबं ओढणं म्हणजे मान्सूनपूर्व विजेला वाट करून देणं. जवळपास वीज पडली तरी दोन टोकांच्या जमिनीत हजारो व्होल्टचा फरक येतो आणि तो तुमच्या बोर्डातून जातो. ऑप्टो आयसोलेशनही मोठ्या झटक्याला पुरत नाही.

त्यापेक्षा लोरा, म्हणजे लांब पल्ल्याचा कमी पॉवरचा रेडिओ. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला आपल्याकडे परवाना लागत नाही, आणि ७०० मीटर मोकळ्या शिवारात हे अंतर त्याला काहीच नाही. एसएक्स१२७६ चे दोन मॉड्यूल, विहिरीवर दुसरा नॅनो. मॉड्यूल ३.३ व्होल्टचा आहे, ५ व्होल्टच्या नॅनोला सरळ जोडू नका, मध्ये लेव्हल शिफ्टर हवा.

भोंग्यांच्या वायरींनाही हेच. ढग गडगडायला लागले की तिन्ही भागांच्या वायरी प्लगमधून हाताने काढून ठेवता येतील असं करा. रिले सोडला म्हणून वीज थांबत नाही, त्याच्या काँटॅक्टमधली फट मिलिमीटरभरही नसते.

खटका

लोरावर मग धडधड ठेवा. पंचायतीचा नॅनो दर ५ सेकंदांनी 'परवानगी आहे' असा निरोप पाठवेल. विहिरीवरच्या नॅनोला ३० सेकंद निरोप मिळाला नाही तर तो परवानगीचा रिले सोडेल, मोटर थांबेल. 'बंद कर' हा हुकूम कधीतरी हरवतोच, म्हणून बंद होणं हुकमावर ठेवायचंच नाही. निरोपात क्रमांक आणि चेकसम (निरोप बिघडला का ते ओळखणारा आकडा) असू द्या.

उलट दिशेनेही खबर यावी. कॉन्टॅक्टरच्या सहायक काँटॅक्टवरून पीसी८१७ (ऑप्टोकपलर) मधून नॅनोची एक पिन वाचा. रिलेला सांगितलं आणि मोटर खरंच लागली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन सेकंदांत खबर आली नाही तर पुन्हा ठोका द्यायचा नाही, पंचायतीत लाल दिवा लावायचा.

लाइन परत आल्यावर लगेच सुरू करू नका. तीन-चार मिनिटं थांबा. त्याच वेळी फीडरवरच्या सगळ्या मोटरी उठतात आणि व्होल्ट पडलेले असतात.

आता नॅनोची एक खोड. कम्प्युटरने सिरियल पोर्ट उघडला की नॅनो रिसेट होतो. पायथनचा प्रोग्राम बंद-चालू केला की भजन मध्येच तुटेल. स्केच चढवून झालं की रिसेट आणि ग्राउंड यांच्यात १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, प्लस रिसेटकडे. नवीन स्केच चढवताना तो काढावा लागेल, म्हणून जंपरवर ठेवा. वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर नॅनो रिसेट करणारा) आठ सेकंदांचा चालू करा.

पूर्णाकाठ

रात्रीचं काय? ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ भोंगे बंद ठेवायचे असतात.

तांब्याची_तार

ते कम्प्युटरच्या घड्याळावर सोडू नका, बॅटरी संपली की ते भलतीच तारीख दाखवतं. नॅनोला डीएस३२३१ (स्वतंत्र घड्याळाची आयसी) जोडा. बाजारात मिळणाऱ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करणारा एक डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर असतो. साधा (चार्ज न होणारा) सीआर२०३२ टाकणार असाल तर तो रेझिस्टर उपटून काढा, नाहीतर सेल फुगतो.

१० वाजता नॅनो आर१ सोडेल आणि तिन्ही भागांचे रिले ओढेल. पुरासारख्या आणीबाणीला नियमांत सूट आहे, म्हणून निळ्या बोर्डाच्या ५ व्होल्ट सप्लायमध्ये एक किल्लीचा स्विच टाका. किल्ली फिरवली की बोर्ड मरतो, सगळे भोंगे एनसीवर येतात, माइक सुरू. किल्ली सरपंच आणि पोलीस पाटील यांच्याकडे.

पूर्णाकाठ

यादी केली आहे, पाहून सांगा: जी५व्ही-२ १२ व्होल्ट तीन, यूएलएन २८०३ एक, नॅनो दोन, लोरा मॉड्यूल दोन, डीएस३२३१ एक, ६०० ओहम ट्रान्सफॉर्मर एक, चढ-उताराचा कन्व्हर्टर एक, ५ व्होल्टचा कन्व्हर्टर एक, २४ व्होल्ट कॉइलचे कॉन्टॅक्टर दोन, पीसी८१७, रेझिस्टर. सगळं एका मोठ्या लोखंडी पेटीत बसवतो.

शेतशिवार_इलेक्ट्रिक

यादीत लेव्हल शिफ्टर दोन, विहिरीसाठी २४ व्होल्टचा सप्लाय आणि दोन चॅनेलचा वेगळा रिले बोर्ड राहिला. विहिरीची पेटी तर वेगळी असेलच. वायर आत येण्याच्या भोकाला ग्लँड लावा. पाल आणि मुंग्या उबेला स्टार्टरमध्येच येतात.

तांब्याची_तार

पंचायतीतही एक पेटी नको, दोन करा. ऑडिओचे तीन रिले वेगळ्या पत्र्याच्या डब्यात, अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे, आणि डबा फक्त अ‍ॅम्प्लिफायरच्या ग्राउंडला. भोंग्यांचा निळा बोर्ड दुसऱ्या पेटीत. १०० व्होल्टची वायर ऑक्सच्या वायरीशेजारून गेली तर अ‍ॅम्प्लिफायर शिट्टी मारायला लागतो. शिवाय जी५व्ही-२ आणखी दोन घ्या. हे रिले तालुक्याला सहज मिळत नाहीत, आणि सॉकेटवर बसवले असतील तर पाच मिनिटांत बदलता येतात.

भजनी_साउंड

आधी आर१, आर२, आर३ एवढंच जोडा न् आठ दिवस प्रार्थना चालवून पाहा. मोटर त्याच्या नंतर.

पूर्णाकाठ

ठीक. जॅकवरचा जुना मार्गही तसाच ठेवतो. शनिवारी सामान आणतो, आर१ चा डबा आधी बांधतो आणि टक येते का ते इथेच लिहितो.